हाकेचं नाव

भालचंद्र ताम्हणकरांना चाळिशी उलटेपर्यंत कुणी टोपणनाव ठेवलं नव्हतं. वडील कडक, त्यांच्या तोंडून मुलाचं नाव कधी अर्धवट निघालंच नाही. भाल्या नाही, भालू नाही, बाळ नाही. हाक मारायची तर 'भालचंद्र', आणि तीही अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं याच्या हातून काहीतरी सांडलंय. शाळेत मास्तरांनी आडनावावर भागवलं. पुढे लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी लागली, मीरत झालं, जबलपूर झालं, आणि जातील तिथे ते 'ताम्हणकर' राहिले, फार तर 'साहेब'. घरात वृंदाबाई 'अहो' म्हणत. मूल झालं नाही, त्यामुळे 'बाबा' म्हणणारंही कुणी नव्हतं.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी त्यांची कलकत्त्याला बदली झाली. कचेरी फोर्ट विल्यममध्ये, आणि राहायला भवानीपुरातल्या एका गल्लीत निवारण घोषालांच्या घराचा वरचा मजला. घोषालबाबू कोर्टातून निवृत्त झालेले, गोल पोटाचे, बोलघेवडे गृहस्थ. ताम्हणकर जागा बघायला गेले तेव्हा बाबूंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. दारात वाकून यावं लागेल अशी उंची, रुंद खांदे, आणि कानांकडे वळलेल्या भरघोस मिशा.

"कुठले म्हणायचे आपण?"

"मराठी. पुण्याकडचे."

"अरे बाप रे!" घोषालबाबूंनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि आत तोंड करून ओरडले, "ऐकलंत का गं? आपल्या घरात बोर्गी येतोय, भाड्याने!"

आतून बायकामाणसांचं खळखळून हसू आलं. ताम्हणकरांना काही उमगेना. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या बंगाली हेडक्लार्कने त्यांना अर्थ सांगितला. दोनशे वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांचे बारगीर बंगालवर चालून आले. गावं लुटली, जाळली. बारगीरचं इथल्या जिभेवर बोर्गी झालं. घोडेस्वार गेले, त्यांना अडवायला कलकत्त्याभोवती खणलेला खंदकही बुजला, पण आया अजून पोरांना बोर्गी येईल म्हणून झोपवतात.

ताम्हणकरांनी घरी येऊन हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. वृंदाबाई भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"अगं, थट्टा ती. या लोकांत प्रत्येकाला दोन नावं. एक बाहेरचं, एक हाकेचं. हायकोर्टाचा जज्ज का असेना, घरी त्याला भोंबोल नाहीतर हाबूल म्हणणार. हाकेचं नाव परक्याला कुणी ठेवत नाही."

"म्हणून दरोडेखोराचं?"

"अगं, ठेवलं ना? जबलपुरात सात वर्षं काढली, तिथे कुणी तेवढंही केलं नाही."

वृंदाबाईंना ते पटलं नाही, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या पुन्हा भाजी चिरू लागल्या.

महिन्याभरात नाव गल्लीभर झालं. कोपऱ्यावरचा मिठाईवाला हारान कढईवरून ओरडायचा, "ओ बोर्गीबाबू, आज संदेश लुटून न्यायचे नाहीत का?" धोबी म्हणायचा, पानवाला म्हणायचा. आणि पोरं तर विचारू नका. ताम्हणकर पाच-साडेपाचला ट्रॅममधून उतरले की गल्लीच्या तोंडाशी टेहळणीला एक पोर उभंच असायचं. "बोर्गी! बोर्गी!" करत ते पळत सुटे. मग ताम्हणकर छत्री तलवारीसारखी धरत, मिशीला पीळ देत, आणि जिन्याच्या वळणावर येऊन अशी आरोळी ठोकत की घोषालांच्या तुळशीवरच्या चिमण्या उडत. पोरं किंचाळत गच्चीवर पळायची. गच्चीवर लूट व्हायची: गोट्या, चिंचोके, तुटक्या बांगड्या. सगळा ऐवज बोर्गी रुमालात बांधायचा आणि मग दरबार भरवून ज्याचा त्याला परत करायचा, वर एकेक लिमलेटची गोळी.

त्यांच्या घरी भेटायला येणारे दादरचे, पुण्याचे पाहुणे हा प्रकार बघून चकित होत. जबलपूरला या माणसाने शेजाऱ्याच्या मुलाचा चेंडू परत देतानाही तोंड उघडलं नव्हतं. कधी कधी रविवारी आरशासमोर मिशांना तेल लावता लावता ताम्हणकर हळूच स्वतःशीच म्हणून बघत, "बोर्गी." आणि स्वतःशीच हसत.

पन्नास साली, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, घोषालबाबूंची भाची सुप्रभा पूर्व बंगालातून आली. बोरिशालकडचं एक गाव सोडून, अंगावरच्या लुगड्यानिशी. बरोबर पाच वर्षांचा मुलगा. त्या वर्षी अशी माणसं सियालदा स्टेशनावर पडून होती. सुप्रभाला निदान मामा होता. मामाने जिन्याखालची खोली दिली. पूर्वी तिथे कोळसा ठेवत.

मुलाचं हाकेचं नाव नाडू. नाडू म्हणजे नारळाचा लाडू; आजीने ठेवलेलं. पण लाडवासारखं त्याच्यात काही राहिलं नव्हतं. मानेची काडी, मोठे डोळे, आणि आईच्या पदराचं टोक सतत मुठीत. बोलायचा, पण आईशीच, आणि कुजबुजत.

दुपारी नळावर वृंदाबाईंची सुप्रभाशी ओळख झाली. वृंदाबाईंचं बंगाली मोडकंतोडकं, सुप्रभाचं पूर्वेकडचं. पण जे सांगायचं होतं त्याला फार शब्द लागले नाहीत. त्या संध्याकाळी वृंदाबाईंनी नवऱ्याला चहा देताना सांगितलं, "घरावर माणसं चालून आली होती तिच्या. आधी आरोळ्या, मग दारावर दांडके. नवरा पुढे झाला. ही पोराला घेऊन भाताच्या कणगीमागे बसली. पोर रडेल म्हणून त्याच्या तोंडात स्वतःची मूठ कोंबली तिने, आणि कानात सारखी म्हणत होती, नाडू गप, नाडू गप. नवऱ्याला त्यांनी अंगणातच मारलं. अहो, त्या पोरासमोर तुमचं ते सोंग नको हं."

"नाही, नाही. छे!" ताम्हणकर म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

पुढे बरेच दिवस त्यांनी पोरांना ताकीद दिली की लूट गच्चीवरच, जिन्यात आवाज नाही. ते पायाचा आवाज न करता वर जात. जिन्याखालच्या दाराच्या फटीतून दोन डोळे बघत असत. मग फट जरा मोठी झाली. मग नाडू उंबऱ्यावर बसू लागला. गच्चीवरून हसण्याचा गलका आला की मान वर करून बघायचा. एकदा ताम्हणकर पायरीवर घसरले, छत्री उलटी झाली, तोल सावरताना त्यांची त्रेधा उडाली, आणि नाडूच्या तोंडातून 'खिक्' असा आवाज आला. लगेच त्याने तोंडावर हात दाबला.

ताम्हणकरांना त्या दिवशी जेवण गोड लागलं. "हसला तो," त्यांनी वृंदाबाईंना दोनदा सांगितलं. "त्याला खेळायचंय गं. इतर पोरं खेळतात, हा आपला उंबऱ्यावर. भीती अशीच मोडायची असते. एकदा त्याने बघितलं की बोर्गी म्हणजे नुसता हा म्हातारा छत्रीवाला—"

"घाई करू नका."

"घाई कसली?"

तरी त्यांनी घाई केली. एका शनिवारी कचेरी लवकर सुटली. ऊन अजून गल्लीत होतं, पोरं ओट्यावरच जमली होती. ताम्हणकरांच्या मनात आलं, आज लूट खालूनच सुरू करू. नाडूला पहिला धरू, खांद्यावर बसवू, आणि वर नेऊन सगळ्यांत मोठा वाटा त्याला देऊ. खिशात त्याच्यासाठी एक लाकडी घोडाही आणला होता. उंबऱ्यावर नाडू नव्हता, दार लोटलेलं होतं. त्यांनी पोरांकडे बघून डोळा मारला, मिशी पिळली, छत्रीच्या मुठीने दारावर दणदण आवाज केला आणि आरोळी ठोकली, "बोर्गी आला! दार उघडा!"

मागे पोरांनी एकच किंकाळी फोडली आणि हसत हसत ती जिन्याने वर पळाली.

आत काही आवाज झाला नाही. ताम्हणकर क्षणभर हसत उभे राहिले. मग त्यांनी दार ढकललं. खोली रिकामी दिसली. इतक्यात नळावरून सुप्रभा धावत आली, हातातली बादली वाटेतच टाकून, आणि त्यांना बाजूला सारून आत शिरली. खाटेखाली, अगदी भिंतीशी, नाडू होता. गुडघे छातीशी, चड्डी ओली. त्याने आपली मूठ मनगटापर्यंत तोंडात कोंबली होती. ती काढायला सुप्रभाला फार वेळ लागला. दात रुतून रक्त आलं होतं, पण तो रडत नव्हता.

"नाडू, नाडू," सुप्रभा त्याला छातीशी धरून म्हणत होती, आणि ती जितकी म्हणे तितकं ते पोर आक्रसत होतं.

वर गच्चीवरून पोरं हाका मारत होती. "बोर्गी! बोर्गी, ये ना!"

त्या दिवसापासून नाडू बोलायचा बंद झाला. कुजबुजणंही गेलं. डॉक्टर आले, त्यांनी घसा बघितला, जीभ बघितली, सगळं शाबूत आहे म्हणाले. घोषालबाबूंनी ताम्हणकरांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? पोरगं मुळातलंच भेदरट." सुप्रभा तर वर आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "दादा, आमच्यामुळे तुमचा खेळ मोडला. रागावू नका." कुणी शिव्या दिल्या असत्या तर ताम्हणकरांना सोपं गेलं असतं. ते मान हलवत राहिले. सुप्रभा गेल्यावर ते न्हाणीघरात गेले आणि मिशा उतरवून बाहेर आले. वृंदाबाईंनी बघितलं आणि तोंड फिरवलं. लग्नापासून त्यांनी हा ओठ उघडा पाहिला नव्हता.

गल्लीने मात्र हसून घेतलं. "बोर्गीची मिशी कुणी लुटली?" हारान ओरडला. ताम्हणकरांनी एकेकाला गाठून विनवलं, मला त्या नावाने हाक मारू नका. लोकांना वाटलं ही नवी थट्टा. पोरांना त्यांनी ओट्यावर बसवून समजावलं.

"मग काय म्हणू?" एका मुलीने विचारलं.

"काका म्हणा."

पोरांनी आपसात विचार केला आणि त्यांच्या भाषेतलं लाडकं रूप निवडलं. "काकू! काकू!" मराठी कानांना ते भलतंच लागे. दुसरी कुठली वेळ असती तर वृंदाबाई पोट धरून हसल्या असत्या. चार दिवस पोरांनी त्यांना काकू म्हटलं, मग जीभ आपल्या वळणावर गेली. रस्त्यातून कुणीतरी हाक देई, "ओ बोर्गीबाबू!" आणि जिन्याखालच्या दाराची आतून कडी सरके.

ती कडी ताम्हणकर वर आपल्या खोलीत बसूनही ऐकू लागले. रस्त्यावर कुणी मोठ्याने बोललं की त्यांचे कान खाली लागत. ते बूट हातात घेऊन जिना चढत. लाकडी घोडा वृंदाबाईंच्या हाती खाली पाठवला होता. तो उंबऱ्याबाहेर ठेवलेला तसाच राहिला, आणि मग एक दिवस दिसेनासा झाला.

दुर्गापूजेच्या आधी, एका भर सकाळी, ताम्हणकर बाजाराची पिशवी घेऊन निघाले होते. सुप्रभा नाडूला हाताशी धरून दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी त्याला बाहेर काढलं होतं. ताम्हणकर भिंतीला चिकटून, दुसरीकडे बघत, हळूच पुढे गेले. पोर हललं नाही. त्यांनी श्वास सोडला. आणि हारानने कढईवरून साद घातली, नेहमीच्या लाडाने, "ए बोर्गी!"

मागे दार आपटलं.

ताम्हणकर मिठाईच्या दुकानात कसे गेले हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. पिशवी रस्त्यात पडली. त्यांनी हारानला गळपट्टीला धरून पाटावरून ओढला, भिंतीवर आदळला, आणि मराठीत ओरडत राहिले. काय ते कुणालाच कळलं नाही. परात उलटली, संदेश गटारात गेले. चौघांनी मिळून त्यांना मागे खेचलं. हारानच्या कपाळातून रक्त येत होतं. तो त्यांच्याकडे टकामका बघत होता. चिडला नव्हता तो, घाबरला होता.

"लाडाने म्हणत होतो, बाबू," तो म्हणाला. "माझ्या पोराचं जावळ तुमच्या मांडीवर काढलं."

गर्दीत मागे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बोर्गीच शेवटी." या वेळी कुणी हसलं नाही.

ताम्हणकरांनी हारानची माफी मागितली, दुकानात जाऊन, सगळ्यांसमोर. हारानने ती मान्य केली, त्यांना बसायला पाट दिला, आणि म्हणाला, "चहा घेणार का, ताम्हणकरबाबू?" पुढे सगळेच तसं म्हणू लागले. घोषालबाबूसुद्धा. आडनाव उच्चारताना त्यांची जीभ अडखळे, 'तामोनकर' होई, पण ते तसंच म्हणत, नमस्कार करत, आणि पुढे जात. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी टेहळणीला कुणी नसे. पोरं ओट्यावर असली तर आया त्यांना आत बोलावून घेत. जी हाक थांबावी म्हणून त्यांनी सगळ्यांचे पाय धरले होते, ती आता खरोखर बंद झाली होती. तरी जिन्याखालची कडी त्यांच्या पावलाला सरकतच होती. मुलाला आता नावाचीही गरज उरली नव्हती. पाऊल पुरे होतं.

ताम्हणकरांनी बदलीसाठी अर्ज केला. तो मंजूर व्हायच्या आधीच, हिवाळ्यात, सुप्रभा निघून गेली. घोषालबाईंना दोन तोंडं जड होऊ लागली होती. जादवपूरकडे निर्वासितांनी मोकळ्या जमिनीवर झोपड्या उठवल्या होत्या, तिथे तिला गावाकडच्या कुणी जागा मिळवून दिली.

वर्षाने बदलीचा हुकूम आला, पुन्हा जबलपूर. वृंदाबाईंनी ट्रंका भरायला घेतल्या. निघण्याआधीच्या रविवारी ताम्हणकर सकाळी न सांगता बाहेर पडले, बालीगंजहून गाडीने जादवपूरला गेले, आणि विचारत विचारत चिखलातून त्या वसाहतीत पोचले.

बांबूच्या तट्ट्यांची घरं, एक तळं, तळ्यापलीकडे पोरांचं मैदान. सुप्रभा दारात ठोंगे, म्हणजे कागदाच्या पिशव्या, चिकटवत बसली होती. आधी तिने त्यांना ओळखलंच नाही. मग पदर सावरून उठली, आतून बसायला वेताचा मोडा आणला, बसा म्हणाली. ताम्हणकर पाठ मैदानाकडे करून बसले.

"घाबरेल तो," ते म्हणाले. "मी लगेच जातो."

"नाही, दादा. मिशीशिवाय तुम्हाला त्याने धड पाहिलंय कुठे? आणि पावलं या चिखलात ऐकू येत नाहीत." ती उभी राहिली आणि तोंडाशी हात नेऊन मैदानाकडे बघत तिने हाक मारली. "बोबा! ए बोबा! इकडे ये!"

बोबा म्हणजे मुका. ताम्हणकरांना तेवढं बंगाली येत होतं.

पोरांच्या घोळक्यातून एक मुलगा सुटला आणि धावत आला. उंच झाला होता. गुडघ्यांना माती, गालावर ओरखडा. येऊन तो आईजवळ उभा राहिला आणि पाहुण्याकडे बघू लागला. त्या डोळ्यांत भीती नव्हती, ओळखही नव्हती. ताम्हणकरांनी खिशातून पुडी काढली. त्याने ती त्यांच्या हातातून घेतली, उघडली, एक गोळी तोंडात टाकली.

"तूही त्याला तेच म्हणतेस?"

"इथल्या पोरांनी ठेवलं," सुप्रभा म्हणाली. "आधी मला सहन व्हायचं नाही. भांडले मी. पण दादा, या नावाला तो येतो. नाडू म्हटलं की जाऊन खाटेखाली बसतो. कुणीही म्हणो. मी म्हटलं तरी." तिने मुलाच्या केसांतली काडी काढून टाकली. "त्या वेळी मी ते नाव इतक्यांदा घेतलं ना त्याच्या कानात. मग म्हटलं, जाऊ दे ते नाव."

ताम्हणकर बघत राहिले. मुलगा गोळी चघळत होता, गाल फुगवून, अगदी कुठल्याही मुलासारखा. मग त्याने पुडी तपासली, बोटाने गोळ्या मोजल्या आणि मैदानाकडे बघितलं.

"बोलेल कधी?" ताम्हणकरांनी विचारलं.

सुप्रभाने चहाचं आधण ठेवायला चूल फुंकली.

"बोबा!" मैदानातून पोरं ओरडली. "ए बोबा, तुझा डाव!"

मुलगा पुडी मुठीत धरून धावत गेला. ताम्हणकरांनी कपबशी घेतली, चहा संपवला. सुप्रभा त्यांना तळ्यापर्यंत पोचवायला आली. वृंदादिदींना सांगा म्हणाली, एक तांब्या राहिलाय त्यांचा माझ्याकडे. राहू दे, ते म्हणाले.

घरी पोचले तेव्हा वृंदाबाई अंथरुणं गुंडाळत होत्या. कुठे गेला होतात, असं त्यांनी विचारलं नाही. बुटांचा चिखल बघितला.

"कसा आहे?"

"खेळतो," ताम्हणकर म्हणाले. मग ते खाली बसले, आणि दोरीचं टोक हातात घेऊन गाठ मारू लागले. गाठ बसेना. वृंदाबाईंनी त्यांच्या हातातून दोरी काढून घेतली.